उडणाऱ्याला वाजंत्री

आमचे चिरंजीव सध्या मनातल्या मनात सुपरहिरोचा सिनेमा काढताहेत. गोष्ट नाही, पैसा नाही. संगीतकार मात्र आधी ठरायला हवा! "बाबा, कुणाला घेऊ?" त्यानं विचारलं आणि मला भरूनच आलं. दहावीनंतर त्यानं मला काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"जॉन विल्यम्स!" मी म्हटलं. "१९७८चा 'सुपरमॅन' बघ. त्या तुताऱ्या वाजल्या की दोरी दिसली तरी माणूस उडतोय असंच वाटेल."

"छे! हान्स झिमर. २०१३चा 'मॅन ऑफ स्टील'. डझनभर ड्रमवाले बसवले होते!"

"ढोलानं गणपती निघतो रे, माणूस उडत नाही."

"लक्ष्मीकांत-प्यारेलाल," स्वयंपाकघरातून निकाल आला. "१९८७चा 'मिस्टर इंडिया'. हिरो दिसत नव्हता, पण गाणी?"

"आई, लक्ष्मीकांत १९९८ साली गेले."

"मग? सिनेमा तरी कुठे आहे?"

त्यानं यादी केली. माझे विल्यम्स तिसरे, पण आहेत!