इंचभर खाली

बाइकवर पैसे उडवायचे म्हटलं की आपली लिस्ट कधीच तयार असते. सायलेन्सर, फॉग लाइट्स, सॅडल बॅग, मोबाइल होल्डर... आणि लडाखची ती रंगीबेरंगी झेंड्यांची माळ! या लिस्टमध्ये फूटरेस्ट आणि ब्रेक पॅडल ही नावं कुणी लिहिलेली पाहिलीयत? नाही ना? मीही कधी लिहिली नव्हती. पण माझ्या उजव्या घोट्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू बसले आणि लिस्टच बदलली.

तसं फिल्मी काही घडलं नव्हतं. बाइकवरून पडले वगैरे नाही. घाटकोपरला टर्फवर ऑफिसची मॅच होती, पाय वेडावाकडा पडला आणि हाड मोडलं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी बाइक चालवायला परवानगी दिली. जाता जाता एवढंच म्हणाले, "चवडा वर उचलायला थोडं जड जाईल. पूर्वीइतका उचलेलच असं नाही."

त्याचा अर्थ सोसायटीच्या कम्पाउंडमध्ये पहिल्या फेरीतच कळला. मागचा ब्रेक दाबायचा म्हणजे चवडा खाली दाबायचा, असं आपल्याला वाटतं. पण त्याआधी तो उचलून पॅडलवर न्यावा लागतो! धडधाकट घोटा हे काम इतकं झटपट करतो की आपल्या लक्षातही येत नाही. माझा घोटा अर्ध्यावरच अडत होता. मग अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलायचा, पॅडलवर ठेवायचा आणि मग दाबायचा. या सगळ्यात साधारण अर्धा सेकंद जास्त.

अर्धा सेकंद म्हणजे काय, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात बाइक एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. अर्ध्या सेकंदात आठ मीटर. दोन छोट्या मोटारी एकीमागे एक उभ्या केल्या की जेवढी जागा लागते, तेवढी. जेव्हीएलआरवर ऑफिस सुटायच्या वेळी पुढच्या रिक्षात आणि तुमच्यात एवढं अंतर कुणी ठेवू देतं का?

सल्ले सुरू झाले. "पुढचा ब्रेक आहे ना, मागच्याची गरज काय?" खरंय, बाइक थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर येतं. पण पावसात खडीवरून हळू जाताना, यू-टर्नला तोल सांभाळताना, फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिकमध्ये उभं राहताना मागचाच ब्रेक कामाला येतो. "एबीएस आहे ना?" आहे की! २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइक्सना तो सक्तीचाच आहे. पण एबीएसचं काम ब्रेक दाबल्यानंतर सुरू होतं. माझी अडचण त्याआधीची होती.

सगळ्यात शहाणा सल्ला बाबांचा. "स्कूटर घे. दोन्ही ब्रेक हातात. प्रश्नच मिटला." लॉजिक एकदम पक्कं. दोन रात्री मी खरंच विचार केला. पण माळशेजच्या पावसात धुक्यातून वर जायचं ते याच साडेतीनशे सीसीवर, हे माझं ठरलेलं होतं. हाड मोडलं ते मोडलं, आता बाइकही सोडायची?

मग मीच बाबांना त्यांच्या जुन्या बुलेटची आठवण करून दिली. तिचा ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे! १९५५ पासून मद्रासला बनणारी बुलेट मूळची ब्रिटिश, तशीच तिची पद्धत. अमेरिकेनं सत्तरच्या दशकात गिअर डावीकडे आणि मागचा ब्रेक उजवीकडे असा नियम केला आणि हळूहळू जगभर तेच रुळलं. आपल्याकडची बुलेट मात्र २००० नंतरही काही वर्षं डाव्या ब्रेकलाच धरून होती. येझदीची तर वेगळीच गंमत. किकची दांडी वळवली की तीच गिअरची दांडी! सांगायचा मुद्दा, पॅडल कुठे असावं हे माणसांनीच ठरवलंय. मग माझ्यापुरतं ते मी ठरवलं तर काय बिघडलं?

मुलुंडला एलबीएस मार्गाला लागून असलेल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेले. माझा प्लॅन सोपा होता. फूटरेस्ट इंचभर खाली आणि किंचित पुढे घेणारं ब्रॅकेट बसवायचं. म्हणजे गुडघा कमी वाकेल, नडगी सरळ राहील, घोट्यावरचा ताण जाईल. मेकॅनिक काकांनी ऐकून घेतलं, मला बाइकवर बसवलं, पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, फूटरेस्ट खाली गेला म्हणजे पॅडल वर आलं ना!"

बरोबर! पॅडल जागच्या जागीच, पण पाय इंचभर खाली गेला. म्हणजे चवडा आणखी इंचभर वर उचला. एकटा फूटरेस्ट बदलला असता तर दुखणं वाढलंच असतं. या दोन गोष्टी जोडीनंच बदलायच्या असतात आणि पॅडल फूटरेस्टपेक्षा जास्त खाली आणावं लागतं.

फूटरेस्टचं काम तसं छोटं. स्प्लिट पिन काढा, मधली पिन ठोकून बाहेर घ्या, स्प्रिंग सांभाळा. रबराऐवजी रुंद, दातेरी धातूचे फूटरेस्ट घेतले. रबर व्हायब्रेशन खातं हे खरं, पण ओल्या बुटाखाली सटकतं. मुंबईत चार महिने बूट ओलेच! दुमडणारेच घ्या, हेही काकांनी बजावलं. खाली आणलेला फूटरेस्ट वळणावर रस्त्याला लवकर घासतो. तो वर दुमडला तर ठीक, नाही तर बाइकच उचलली जाते.

खरी मेहनत पॅडलची. टोकाला रुंद पट्टी असलेलं नवं पॅडल आलं, पिव्होटला ग्रीस लागलं. मागे डिस्क असल्यामुळे मास्टर सिलिंडरच्या दांडीची लांबी बदलून पॅडल खाली घेतलं. इथे घाई चालत नाही. पॅडलला थोडी मोकळी खेळ हवीच. ती संपली तर ऑइल परत येत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि ब्रेक तापून जाम होतो. मागे ड्रम असेल तर हीच खेळ मागच्या नटावर जुळवतात. काकांनी डबल स्टँडवर चाक हातानं फिरवून दाखवलं, सुळकन फिरलं! मग ब्रेक लाइटचा स्विच. पॅडल खाली आलं की तोही जुळवावा लागतो, नाही तर लाइट एक तर कायम पेटलेला किंवा उशिरा पेटणारा. आपण थांबतोय हे मागच्याला कळायला नको?

सगळी जोडणी बोल्टची. फ्रेमला वेल्डिंगचा एक टाकाही नाही. आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ चालवून घेत नाही. मूळ पार्ट मी घरी जपून ठेवलेत.

पंधरा दिवस फक्त कम्पाउंड आणि रविवार सकाळचे रिकामे रस्ते. पायाला नवी जागा शिकायला तेवढा वेळ लागलाच. मग एके दिवशी कुत्रं आडवं आलं आणि बाइक थांबली. पॅडल कुठे आहे, हा विचारसुद्धा मनात आला नाही. मागे बसलेले बाबा काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "माळशेजला मलाही ने."

ऑफिसात नवी खुर्ची मिळाली की पहिल्या दिवशीच आपण तिची उंची आपल्या मापाची करून घेतो. बाइकवर मात्र शोरूमनं दिलेलं माप वर्षानुवर्षं तसंच. शरीर बदलतं, बॉस! वजन वाढतं, कंबर बोलायला लागते, घोटा ऐकेनासा होतो. या रविवारी पार्किंगमध्ये एक करून बघा. बाइक डबल स्टँडवर, इंजिन बंद, पायात रोजचे बूट. डोळे मिटा आणि ब्रेक दाबा. पाय पॅडल शोधत बसला, तर त्या महिन्याचे फॉग लाइट्स राहू द्यात. आधी पाना काढा!