अप्पांची बोट आणि माझी यादी

तुमच्यापैकी कुणी जुनी बोट विकत घेणार असेल असं मला खरं तर वाटत नाही. तरी वाचा. कारण दोन वर्षांपूर्वी मलाही असंच वाटलं होतं, की आपण लिहिलेलं वाचून कोण कशाला बोट घेतंय?

मी कन्टेन्ट रायटर आहे. म्हणजे कुणीतरी विषय देतं, शब्दसंख्या देतं आणि मी लिहून पाठवते. बी. ए. इंग्लिश झाल्यावर घरी बसून करता येईल असं हेच काम मिळालं. आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. त्या दिवशी विषय आला होता, 'जुनी बास बोट घेताना काय तपासावं'. बास हा अमेरिकेतल्या तळ्यांमधला गळाला लागणारा मासा. तो पकडायला तिकडे बुटकी, सपाट, वेगवान फायबरची बोट वापरतात, मागे मोठं इंजिन लावतात. मी तोवर शिवगंगा बागेतल्या पॅडल बोटीपलीकडे कुठल्याही बोटीत पाय ठेवलेला नव्हता. पण दहा ठिकाणी वाचून बारा मुद्दे काढले, वेळेत पाठवले, पैसेही आले.

त्या बारा मुद्द्यांमधला एक होता, 'ट्रान्सम मजबूत आहे ना ते पाहा.' ट्रान्सम म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं.

आता अप्पांबद्दल. आम्ही तंजावूर मराठी. घरी बोलतो ती मराठी तुम्हाला जरा वेगळी वाटेल, बाहेर तमिळ. समुद्र आमच्यापासून लांब. पण राजवाड्याच्या उंच मनोऱ्यात देवमाशाचा एक प्रचंड सांगाडा ठेवलेला आहे आणि लहानपणी तो बघून अप्पांच्या डोक्यात जो समुद्र शिरला, तो निघालाच नाही. नोकरीत असताना सुटी मिळाली की ते पट्टुकोट्टैमार्गे मल्लिपट्टिणमला जायचे. तिथे मनोरा आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1814-15च्या सुमारास नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. तंजावूरच्या मराठी राजाला नेपोलियनचं काय पडलं होतं हा प्रश्न मी शाळेत विचारला होता. समाधानकारक उत्तर मिळालं नाही. असो. अप्पा मनोऱ्याच्या सावलीत बसून बोटी बघायचे, आणि तिथल्या एका मच्छीमार मित्राबरोबर गळ टाकायला जायचे. कोडुवा लागला की आनंद. कोडुवा म्हणजे आपला जिताडा, इंग्रजीत एशियन सी-बास. म्हणजे बघा, बास बोट अगदीच परकी नव्हती.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी माझा लेख छापून घेतला. कुणाला न सांगता. मित्रालाही नाही, त्याला चकित करायचं होतं. किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच एका गावात फायबरची जुनी बोट इंजिनासकट विकायला होती. अप्पा माझी यादी घेऊन तिथे गेले आणि एकेका मुद्द्यावर खूण करत बसले. मग मला फोन आला.

"ट्रान्सम म्हणजे काय गं?"

मी दुसऱ्या लेखाच्या घाईत होते. पटकन शोधलं. "बोटीची मागची उभी पाटी, अप्पा. जिथे इंजिन अडकवतात. चांगली दिसतेय ना?"

"एकदम चकाचक. नवा रंग दिलाय."

"मग ठीक आहे."

निवृत्तीच्या पैशातला मोठा तुकडा त्या दिवशी गेला.

तिसऱ्या फेरीत, किनारा अजून दिसत असताना, इंजिन मागे कलायला लागलं. मागची पाटी बोल्टांच्या रेषेत फाटत होती. अप्पांच्या मित्राचा मुलगा बरोबर होता. त्याने दोरीने इंजिन आवळून धरलं, अप्पा वल्हं मारत राहिले, आणि शेवटी दुसऱ्या एका बोटीने ओढून आणलं. पाल्कच्या सामुद्रधुनीत इंजिनाशिवाय वाहत जाणं ही साधी गोष्ट नाही, पलीकडे श्रीलंकेची हद्द आहे. त्या रात्री आईने डांगर पचडी केली होती, अप्पांची आवडती. त्यांनी ताट तसंच ठेवलं. मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मित्र मात्र बोलला, "बोट घेण्याआधी विचारायचं असतं सार, घेतल्यावर नाही." आणि त्याने फायबर बोटींची दुरुस्ती करणारे एक म्हातारे मेस्त्री गाठून दिले. मी हट्टाने अप्पांबरोबर गेले. पुढे जे सांगतेय ते मेस्त्रींकडे तीन दिवस वाळूत बसून शिकलेलं आहे.

मागची पाटी अनेक बोटींमध्ये नुसत्या फायबरची नसते. आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरचं आवरण. इंजिन बसवायला त्यातून बोल्टची भोकं पाडतात. ती नीट बंद केली नाहीत तर पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. वर नवा रंग असेल तर मुळीच दिसत नाही. मेस्त्रींनी छोटी लाकडी हातोडी घेऊन आमच्या बोटीवर बाजूने ठोकलं, टण आवाज आला. मग मागे ठोकलं. थप. ओल्या उशीवर मारल्यासारखं. "ऐकलंस का अम्मा?" ऐकलं. एवढंच करायचं होतं. एक रुपयाच्या नाण्यानेही झालं असतं.

दुसरी परीक्षा याहून सोपी. इंजिन वर उचलायचं, त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाबायचं आणि दुसऱ्याने पाटीकडे बघत राहायचं. पाटी जराही लवली तर तिथूनच घरी परतायचं. बोल्टांखाली तपकिरी ओघळ दिसले तरीही तेच.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी अमेरिकेतल्या कुठल्याच लेखात नसणार. 2004च्या त्सुनामीनंतर इथे मदत म्हणून फायबरच्या भरपूर बोटी आल्या. घाईत बांधलेल्या, सगळ्याच चांगल्या नव्हत्या. मग नोव्हेंबर 2018मध्ये गज वादळाने याच पट्ट्यात बोटी एकमेकींवर आपटून फोडल्या. त्यातल्या किती ठिगळं लावून पुन्हा पाण्यात गेल्या असतील! म्हणून बोट बाहेरून बघू नका, आतून बघा. फळीखाली, जिथे कुणी रंग देत नाही तिथे. टॉर्च तिरका धरला की ठिगळाचा पोत वेगळा दिसतो. मागे उकिडवं बसून दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या आहेत का ते पाहा. आत टाच दाबत चाला, तळ मऊ लागला तर खाली पाणी मुरलंय. कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या सगळ्याच वाईट नसतात, पण एकाच जागी गर्दी असेल तर तिथे बोटीला फार ताण बसलेला आहे.

इंजिनाचं शास्त्र मोठं आहे, मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण मेस्त्रींनी सगळ्यात आधी जे सांगितलं ते कुणालाही जमेल. सुरू करायच्या आधी इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, कारण थंड असताना ते सहज सुरू होत नसेल. सुरू झाल्यावर बाजूने थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार जोरात यायला हवी. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बहुतेक वेळा पंख्यामागे गुंडाळलेल्या गळाच्या दोऱ्याने सील कापलेलं असतं. इकडे काही जण इंजिन रॉकेलवरही चालवतात, मग आत काजळी साठते. तेव्हा मेकॅनिकला नेऊन कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. बोटीवरचा नंबर आणि नोंदणीचा कागद, इंजिनावरचा नंबर आणि बिल, यांची स्वतःच्या डोळ्यांनी जुळणी करा. अमेरिकेत 1972पासून बोटीच्या मागच्या पाटीवर उजवीकडे 12 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. हे मात्र माझ्या लेखात बरोबर होतं.

आणि शक्यतो 15 एप्रिल ते 14 जूनच्या मासेमारी बंदीत बघायला जा. तेव्हा मोठ्या बोटींना सुटी असते, मेस्त्री-मेकॅनिक किनाऱ्यावरच असतात. दुरुस्तीला आलेल्या पाच-सहा बोटी ठोकून कान तयार होतो.

आमच्या बोटीची मागची पाटी आतून कापून काढली. कुजलेलं प्लायवूड मुठीत धरलं तर पाणी पिळून निघत होतं. नवं मरीन प्लाय, नवं फायबर, भोकांना नीट सील. बोटीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च आला. तो मी दिला, माझ्या साठवलेल्या पैशातून. अप्पा नको म्हणाले. मी ऐकलं नाही. जुन्या ग्राहकाला लिहून तो लेख दुरुस्त करून देते म्हटलं, फुकट. उत्तर आलं, लेख चांगला चाललाय, राहू दे. मी अजून दर महिन्याला एक मेल पाठवते.

अप्पा आता सगळं ठोकून बघतात. फणस तर ते आधीही ठोकायचे. आता फ्रीज, कपाट, नव्या भाड्याच्या घराची दारं. मागच्या रविवारी त्यांचे एक जुने सहकारी आम्हाला एक बोट दाखवायला घेऊन गेले. नवाकोरा निळा रंग, मालक हसतमुख, चहा आला. अप्पांनी चहा खाली ठेवला, बोटीजवळ गेले आणि इंजिनाच्या टोपीवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

आम्ही चहा संपवून निघालो.