पंधरा मिनिटांत येतो

केंड्रिक लमारचा 'गुड किड, मॅड सिटी' हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो चुकीच्या क्रमाने. अल्बम आला ऑक्टोबर 2012मध्ये, आमच्यापर्यंत पोचला पुढच्या वर्षी. तेव्हा बोईसर स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत थोड्या पैशांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. माझ्या मित्राने आणलेल्या कार्डात 'इंग्लिश रॅप' नावाचा एक फोल्डर होता आणि त्याच्या फोनवर गाणी एबीसीडीच्या क्रमाने वाजायची. त्यामुळे आमच्या लेखी या अल्बमची सुरुवात 'बॅकसीट फ्रीस्टाइल'ने व्हायची. नवापूरच्या किनाऱ्यावर, त्याच्या बाबांची मोटरसायकल स्टँडवर लावून, आम्ही ते गाणं कितीदा ऐकलं असेल! पैसा, ताकद, बाई, सगळं मलाच पाहिजे असं कोणीतरी ठणकावून सांगतंय, एवढं कळायचं. तेवढं पुरेसं होतं.

'स्विमिंग पूल्स' आम्ही 31 डिसेंबरला वाजवायचो. दारूचं गाणं म्हणून.

अल्बम नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला तो बऱ्याच वर्षांनी, तोवर मित्र राहिला नव्हता. मुखपृष्ठावर या अल्बमला 'शॉर्ट फिल्म' म्हटलंय, आणि ते खोटं नाही. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या कॉम्प्टन शहरातल्या एका पोराची ही गोष्ट. आईची व्हॅन घेऊन तो एका मुलीला भेटायला निघतो, तिथे दोघे जण त्याला घेरतात, मग मित्र बदला घ्यायला निघतात आणि त्यात त्यांच्यातलाच एक मारला जातो. पण ही गोष्ट सरळ येत नाही. सुरुवातीलाच ऐकू येणारी प्रार्थना खरं तर शेवटाकडची आहे. मधेमधे आईचे व्हॉइसमेल येतात. व्हॅन कुठाय, कधी आणतोस? मागून बाप ओरडतो, माझे डॉमिनो कुठायत? जगात एवढं काय काय चाललंय आणि बापाला डॉमिनोची पडलीय! मला हा बाप फार ओळखीचा वाटतो.

या क्रमात बसवल्यावर 'बॅकसीट फ्रीस्टाइल' वेगळंच गाणं होतं. ती कोणा मोठ्या माणसाची बढाई नाही. मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या सोळा वर्षांच्या पोराची आहे, ज्याच्याकडे यातलं काहीच नाही. आणि 'स्विमिंग पूल्स' हे प्यायचं गाणं नाहीच. 'अजून घे, अजून घे' म्हणणाऱ्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाचं ते गाणं आहे. आम्ही ती गर्दी होऊन नाचत होतो.

पण मला लिहायचंय ते बारा मिनिटांच्या एका गाण्याबद्दल. 'सिंग अबाउट मी, आय'म डाइंग ऑफ थर्स्ट'. लांब आणि संथ, म्हणून मित्र ते नेहमी पुढे ढकलायचा. पहिल्या कडव्यात मारल्या गेलेल्या पोराचा भाऊ बोलतो. तुझा अल्बम येण्याआधी मी गेलो तर माझी गोष्ट सांग, असं तो केंड्रिककडून कबूल करून घेतो, आणि बोलता बोलताच गोळ्यांचा आवाज येतो. दुसरं कडवं एका बहिणीचं. 2011च्या अल्बममध्ये केंड्रिकने कीशा नावाच्या, देहविक्री करणाऱ्या मुलीवर गाणं केलं होतं, त्यात ती शेवटी मरते. इथे तिची बहीण त्याला जाब विचारते. कोणी सांगितलं होतं तुला माझ्या बहिणीबद्दल गायला? मला तुझ्या अल्बममध्ये घेऊ नकोस. मी विरून जाणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते, आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत विरून जातो. ती बोलतेच आहे, आपल्याला ऐकू येत नाही.

आवाजाचं बटण लेखकाच्या हातात असतं. हे इतक्या निर्दयपणे स्वतःबद्दल कबूल केलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

मित्र बारावीनंतर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला लागला. वर्ष व्हायच्या आत रात्रपाळीत अपघात झाला. मी तेव्हा मुंबईत शिकत होतो. महिन्याभराने मी फेसबुकवर त्याच्यावर लांबलचक लिहिलं. समुद्राचा लेक, मासे धरण्यासाठी जन्मलेले हात, ते कारखान्याने गिळले, वसाहतीचं सांडपाणी आमच्या नवापूरच्या समुद्रात जातं आणि पोरं कारखान्यात, असं बरंच काही. सांडपाण्याचं खरंच आहे, त्याबद्दल इथला मच्छीमार गेली कित्येक वर्षं ओरडतोय. पोस्ट खूप फिरली. अनोळखी लोकांनी 'निःशब्द' असं लिहिलं. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीत गावी आलो तर त्याची मोठी बहीण किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. मी जवळ गेलो. तिने वर न बघता विचारलं, "मासे धरायला जन्मलेले हात?"

मी गप्प.

"त्याला बोटीत उलटी व्हायची. तुला माहीत होतं ना? तूच हसायचास."

माहीत होतं. त्याला समुद्र आवडत नव्हता. कंपनीतलं काम त्याने स्वतः मागून घेतलं होतं, पहिल्या पगाराचा स्पीकर आणला होता. पण समुद्राचा कंटाळा आलेला, पगारावर खूश असलेला मुलगा माझ्या लेखात बसत नव्हता. मग मी त्याला बोटीत बसवला.

"माझ्या पोराला शाळेत विचारतात, तुझ्या मामाला कंपनीने खाल्लं का," ती म्हणाली. "आम्हाला एकदा विचारायचंस तरी."

मी पोस्ट काढून टाकली. त्याने काय होतं? लोकांनी कॉपी करून ठेवलीच होती.

2019मध्ये मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' आलं, तेव्हा पुन्हा हाच विषय डोक्यात घोळत राहिला. त्यात आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर स्वतः आहेत. आदिवासींबद्दल फक्त दुसरेच गात नाहीत, आदिवासी स्वतःही गातो. आमच्याच जिल्ह्यातल्या तलासरीकडून 1945 साली पेटलेल्या वारल्यांच्या उठावाची गोष्ट मी मात्र गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकातून वाचली. पुस्तक मोठंच आहे, बाईंनी आयुष्य वेचलं त्या कामात. तरी ज्याची गोष्ट त्याच्याच गळ्यातून ऐकताना कान वेगळे लागतात. अर्थात हा उपाय माझ्या कामाचा नाही, माझा मित्र गाऊ शकत नाही.

केंड्रिकला तिसऱ्या कडव्यात उत्तर द्यावं लागतं. तो बहिणीला सांगतो, दुखवायचं नव्हतं, तुझ्या बहिणीच्या गोष्टीने मला हलवलं म्हणून बोललो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. त्यालाही वाटत असावं, कारण त्या कडव्यात तो स्वतःच्याच मरणाला घाबरताना ऐकू येतो, आणि मी या लायकीचा आहे का, असंही विचारतो. पुढे अल्बममध्ये आईच त्याला सांगते, गावातल्या पोरांना तुझी गोष्ट सांग. तुझी, असं म्हणते ती. हा शब्द मला आधी कधी ऐकू आला नव्हता.

हा लेख लिहायच्या आधी मी ताईला विचारायला गेलो. लिहिण्यासारखं काय आहे, तिने विचारलं. मी तिला अल्बमचा शेवट सांगितला. कॅसेट मागे जाते आणि गोष्ट जिथून सुरू झाली तिथे पोचते. पोरगा आईला म्हणतोय, व्हॅन नेतो, पंधरा मिनिटांत येतो.

ती हसली. मग म्हणाली, "नाव नको टाकू. आणि हे लिही, की बाबांची गाडी न विचारता न्यायचा आणि पेट्रोल एकदाही टाकलं नाही."