तांबडा कीं निळा?

तांबडा सदरा अंगांत चढविला म्हणजे अर्धा सामना जिंकला, असें आमचे कित्येक विद्यार्थी मानितात. ही समजूत अगदींच पोरकट नव्हे. सन २००४ च्या अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत मुष्टियुद्ध, तायक्वांदो व कुस्तीचे दोन प्रकार यांतील खेळाडूंस तांबडा वा निळा पोषाख निव्वळ यदृच्छेनें मिळे. डरहॅम विद्यापीठांतील हिल व बार्टन यांनीं निकाल ताडून पाहिले, तों शेंकडा सुमारें ५५ लढती तांबड्यानें जिंकलेल्या! जोड विषम असे तेथें मात्र रंगाचें कांहीं चालत नसे.

पण ही जादू प्रतिस्पर्ध्याच्या मनावर कीं पंचाच्या डोळ्यांवर? सन २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत ४२ तायक्वांदो पंचांस त्याच लढतींचीं दृश्यें रंगांची अदलाबदल करून दाखविलीं. तांबड्यास शेंकडा सुमारें १३ गुण अधिक मिळाले. लढत तीच, लाथा त्याच! मला हेंच अधिक बोचतें.

अलीकडे अनेक वर्षांच्या सामन्यांची मोजदाद झाली, तींत हा लाभ जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तायक्वांदोंत आतां बव्हंशीं गुण विजेचें यंत्र मोजतें. त्यास रंग दिसत नाहीं. आमच्या मैदानावर तसें यंत्र नाहीं. तेथें शिट्टी माझ्या हातीं असते, आणि यंदा अंतिम सामन्यांत एक संघ तांबडा आहे.