बारमाही राणी

‘आखूड केसांची आहे, गळून गळून गळणार किती?’ असं सांगत थोरल्यानं दोन महिन्यांची लॅब्राडॉर राणी घरात आणली. आजींनी ते मानलं. पाचव्या महिन्यात पिल्लाची मऊ लव झडून थोराड केस आले आणि घराला खरा हिशेब कळला. आजींच्या काळ्या इरकलीवर पिवळे केस, दिवाणावर केस, कणकेच्या परातीतही एखादा.

लॅब्राडॉर मुळात थंड पाण्यातला गडी. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर समुद्रात उतरत. म्हणून अंगावर दोन थर: वर राठ, तेलकट केस, खाली दाट लव. प्रत्येक केस ठरावीक काळ वाढतो, मग नुसता टिकून राहतो आणि शेवटी गळतो. लॅब्राडॉरमध्ये हा वाढीचा काळ लहान असतो. दिवस लहान-मोठा होऊ लागला, की शरीर केस बदलायला घेतं. राणीच्या घरी मात्र रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. तिची गळती बारमाही.

वरच्या मजल्यावरच्या पूडलचा थाट वेगळा. त्याचे केस दीर्घकाळ वाढतच राहतात. गळतात कमी, पण वेळेवर कात्री लावली नाही तर जटा होतात.

पूडलच्या याच गुणावर ऑस्ट्रेलियात १९८९मध्ये वाटाड्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्या वॉली कॉनरन यांची नजर गेली. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्रास झाला नाही तो एकाच पिल्लाचा. कारण अ‍ॅलर्जी केसांपेक्षा लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते.

राणीला पिल्लं झाली त्या वर्षी तर ती अर्धी दिसू लागली. बाळंतपणानंतर कुत्रीचे केस असे झडतातच. उन्हाळ्यात तिला भादरायचा बेत डॉक्टरांनी मोडून काढला. ‘तो थर उन्हालाही अडवतो. रोज विंचरा, पुरे.’ मग सकाळी गॅलरीत आजी आणि रबरी ब्रश.

नवव्या वर्षी गळणं कमी झालं. घर खूश, आजी मात्र अस्वस्थ. राणी सुस्तावली होती, कमी खाऊनही जाड होत होती आणि शेपटी उघडी पडली होती. रक्ततपासणीत थायरॉइड कमी निघालं. त्या आजारात नवे केस उगवेनासे होतात, जुनेच चिकटून राहतात. गोळ्या सुरू झाल्यावर आधी ते भराभर गळले, मग नवे आले. आजींनी दुसरा ब्रश आणवला. पहिल्याचे दात तोवर झिजले होते.