माफी : सोसणे आणि पुसणे

‘माफी’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याचे परकेपण आता जाणवत नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर तो ‘कर्जमाफी’च्या रूपानेच अधिक कानी पडतो. त्याच्या मुळाशी अरबीतील ‘अफ्व’ आहे. त्यात पुसून टाकण्याचा भाव आहे. आपण वैतागून उच्चारतो त्या ‘तोबा’चा मूळ अर्थ परत फिरणे. संस्कृत ‘क्षमा’ सोसते, ‘माफी’ पुसते.

पैठणला एकनाथांवर वारंवार थुंकणाऱ्या यवनाची आख्यायिका आपण वर्गात शिकवतो ती नाथांच्या सोसण्यासाठी. अखेरीस पाय धरणाऱ्या त्या माणसाचे परत फिरणे आपल्या नजरेतून निसटते.

इस्लामी धर्मविचार या परत फिरण्याविषयी काटेकोर आहे. नमाज-रोज्यातील उणीव हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील प्रश्न. माणसाचा हक्क हिरावला असेल, तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही; घेतलेले परत करून त्या माणसाचीच माफी मागावी लागते. म्हणून हजला निघण्यापूर्वी आप्त-शेजाऱ्यांकडे जाऊन ‘कहा-सुना माफ करो’ म्हणण्याची रीत आहे.

गोरेगावात आमच्या शेताशेजारचे एक वृद्ध गृहस्थ असेच घरी आले होते. बांधावरून वडिलांशी त्यांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. वडील म्हणाले, “झालं गेलं, जाऊ द्या चाचा.” ते उठले नाहीत. म्हणाले, “आधी बांधावर चला भाऊ, माफी मग द्या.” दोघांनी मिळून दगड मागे सरकवला. जमीन म्हणावी तर दोन काकऱ्यांची.

कुरआनने वाईटाची तेवढीच परतफेड न्याय्य मानली आहे. पण जो माफ करून समेट घडवतो, त्याचे फळ अल्लाहकडे आहे असेही सांगितले आहे. इ.स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबरांनी बहुतेक जुन्या वैऱ्यांना अभय दिले, ते याच वाटेवरचे. ही वाट माफ करणाऱ्यालाही सोपी नसते, हे मला वडिलांकडे पाहून उमगले. त्या अन्यायाची कहाणी ते वर्षानुवर्षे सांगत आले होते; ती जणू त्यांची मिळकतच झाली होती. बांध मागे गेला आणि कहाणी सांगण्याचा हक्क संपला. बैठकीत शेतीचा विषय निघाला की ते ओठांवर आलेले वाक्य गिळत.

चाचांनी दोन काकऱ्या सोडल्या. वडिलांना आपली तक्रार सोडावी लागली. आत्मोन्नती म्हणतात ती यांपैकी कोणाची अधिक झाली, याचा निवाडा मी करू शकत नाही. एवढे मात्र खरे की पुसण्यासाठी दोन्ही हात लागतात, आणि त्यांतला एक ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो.