बाइलबुद्ध्या

परवा इंग्रजी शब्दकोशात दुसराच काही शब्द शोधत असताना 'अक्सोरियस' या अपरिचित विशेषणाशी गाठ पडली. अर्थ दिला होता : बायकोवर प्रमाणाबाहेर प्रेम करणारा, तिच्या कह्यात गेलेला. वाचले आणि डोळ्यांपुढे एकदम आमचे अण्णाच उभे राहिले!

लॅटिनमध्ये 'उक्सोर' म्हणजे पत्नी. त्यावरून झालेल्या विशेषणाचा अर्थ 'पत्नीसंबंधी' एवढाच साधा होता. पण लवकरच त्याला टोमण्याची धार आली. पत्नी इलिया हिचे गाऱ्हाणे ऐकून, जुपिटरची संमती नसताना रोमवर पूर घेऊन धावणाऱ्या टायबर नदाला कवी होरेसने हेच विशेषण बहाल केले. इंग्रजीत ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस आले आणि १६६७ साली मिल्टनने ते सॉलोमन राजाला चिकटवले. नद आणि राजे सुटले नाहीत, तिथे आमच्या अण्णांची काय कथा!

संधिवाताने आईची बोटे आखडली, तेव्हापासून अण्णा रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत बसून तिची वेणी घालीत. येणारेजाणारे हसत. 'बाइलबुद्ध्या' हा शब्द मी प्रथम ऐकला तो तेव्हा. एकदा मी शरमेने म्हणालो, "अण्णा, निदान दार लावून तरी घाला!"

"आत उजेड कमी पडतो रे, भांग वाकडा येतो," अण्णा म्हणाले.

नवऱ्यावर असेच वेडे प्रेम करणाऱ्या बायकोसाठी चॅपमन या नाटककाराने १६०७ साली 'मॅरिटोरियस' हा शब्द वापरला. 'मारितुस' म्हणजे नवरा. पण हा शब्द काही रुजला नाही. आपल्याकडे तर तिला 'पतिव्रता' म्हणून हात जोडतात. पुरुषासाठी 'एकपत्नीव्रत' आहे, नाही असे नाही. पण ते संख्येचे व्रत, सेवेचे नव्हे. बायकोची वेणी घालणाऱ्याला गौरवाचा शब्द मला ना इंग्रजीत सापडला, ना मराठीत. आणि मराठी तर मी गेली वीस वर्षे शिकवतो आहे!

गेल्या आठवड्यात सौ.ला ताप होता. तिची साडी वाळत घालायला मी गॅलरीत गेलो खरा. पण आधी समोर कुणी उभे नाही ना, हे पाहून घेतले.

अण्णांनी तसे कधीच पाहिले नव्हते.